चुकांचा बाजार

गद्रे मास्तरांवर माझा राग आहे. ते आज कुठे असतील, असतील की नसतील, मला ठाऊक नाही. पण नसले तरी राग कमी करायचं कारण मला दिसत नाही. लोक म्हणतात, पांडुशेठ, एवढ्या वर्षांनी कशाला? त्यांना मी सांगतो, की आयुष्यात मी जो सर्वांत कठीण सौदा जमवला तो या माणसासाठी जमवला होता, आणि त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत बुडवला. स्वतःसकट बुडवला, आमच्या गावच्या पोरांसकट बुडवला. मिठाने भरलेला मचवा बुडाला तर निदान मचवा तरी वर काढता येतो.

आमचं गाव उरणच्या बाजूचं, मिठागरांचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खारी जमीन, मध्ये आम्हा आगरी माणसांची घरं. शाळा होती ती मराठी. तिला इंग्रजीचे वर्ग जोडायचं ठरलं तेव्हा शिकवायला कुणी यायला तयार नव्हतं. पाणी मचूळ, हवा खारट, आणि पावसाळा सरला की घरोघर हिवताप. गद्रे मास्तर श्रीवर्धनहून आले, बायकोला घेऊन आले, आणि शाळेच्या मागच्या खोलीत राहिले. खोली शाळेचीच होती. नोकरी आहे तोवर खोली, असं बोलणं झालेलं होतं.

अंगाने काटकुळा माणूस. ऐन मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. कोटाच्या वरच्या खिशात तांबडी पेन्सिल, चाकूने तासून टोक काढलेली. मुलगा वाचायला उभा राहिला की ते डोळे मिटून घेत आणि उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत राहत. वाचणारा चुकला की अंगठा थांबे. तोंडाने ते काही बोलत नसत. सारा वर्ग पुस्तक सोडून त्या अंगठ्याकडे बघत असे.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वयाने वाढलेला होतो, मिशी फुटलेली होती. मिठागरावर टोपल्या उचलत होतो. मीठखात्याचा परवाना इंग्रजीत असे, दलाल तो आम्हाला वाचून दाखवी, आणि दर खेपेला परवान्यात नेमकं दलालाच्या सोयीचं लिहिलेलं निघे. आमचे बाप, आजे त्यावर अंगठे उठवत आले होते. मला अंगठा उठवायचा नव्हता. एका रविवारी दुपारी मी मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"काय पाहिजे रे?"

"इंग्रजी पायजे."

"किती?"

"दलालाला पुरंल एवढी."

त्यांनी मला आत घेतलं. मी बसायच्या आधीच विचारलं, "फी काय, ते पयलं सांगा."

"चूक."

"म्हंजे?"

"बाहेर कुठेही इंग्रजीत लिहिलेलं दिसेल. डब्यावर, पाटीवर, आगबोटीच्या तिकिटावर. त्यातली एक चूक शोधून आण. ती तुझी फी."

"मला इंग्रजी येत न्हाय, तर चूक कशी गावंल?"

"मग ये वर्गात शिकायला," ते म्हणाले. "फी मागाहून दे."

हा त्यांचा चुकांचा बाजार. दर शनिवारी शेवटच्या तासाला तो भरे. मुलांनी आठवड्याभरात बाहेरच्या जगात सापडलेल्या इंग्रजीच्या चुका आणायच्या, कुठे सापडली ते सांगायचं, आणि दुरुस्त कशी करायची तेही सांगायचं. दुसऱ्याची एक चूक आणली की परीक्षेच्या पेपरातली स्वतःची एक माफ. असा नियम मी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकला नाही. आमची पोरं त्यापायी करंज्याच्या धक्क्यावर जाऊन रॉकेलचे डबे आणि बिस्किटांच्या पेट्या वाचत उभी राहायची. हमाल त्यांना हाकलायचे.

बाकीची पोरं सापडलेली चूक त्याच शनिवारी मोडून खायची. मी साठवायचो. परीक्षा जवळ आली की पोरांना भीती वाटे, मग एका चुकीच्या बदल्यात मला पेरू मिळत, गळ मिळत, एकदा तर एक कोंबडी मिळाली. मास्तरांना हे कळलं तेव्हा रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "या, व्यापारी. आज काय आणलंत?" तेव्हापासून मी वर्गात व्यापारीच झालो.

भाव अडला की पाठ फिरवून चालू लागायचं, ही माझी पहिल्यापासूनची युक्ती. विकणाऱ्याला माल विकायचाच असेल तर तो हाक मारतो. मास्तरांवर ती फार चाले. मी एखादी कसर लागलेली चूक नेई. ते बघून म्हणत, "यात चूक नाही, पांडू." मी म्हणे, "बरं, मग ऱ्हाऊ द्या," आणि दाराकडे चालू लागे. दोन पावलं जातो न जातो तोच मागून हाक. "थांब. इकडे आण. पुन्हा बघू." एखादी चूक कदाचित खरी असेल आणि ती आपल्या समोरून दाराबाहेर चालली आहे, हे त्या माणसाला सहनच होत नसे. उंबऱ्यापर्यंत त्यांनी मला कधी जाऊ दिलं नाही.

शिकवायचे मात्र असं, की ऐकणारा ते मरेपर्यंत विसरणार नाही. बोटी, खाडी, धक्का यांच्या पलीकडे ते दृष्टांत घेत नसत. स्वल्पविराम म्हणजे आगबोट बंदराशी जरा मंद झाली, यंत्र चालू आहे, कुणी उतरू नये. पूर्णविराम म्हणजे नांगर पडला. अर्धविराम म्हणजे बोट भर समुद्रात उभी आणि पडाव उतारू न्यायला आलाय, दोन्हींच्या मध्ये फळी टाकलेली. आमची पोरं एकामागून एक वाक्यं लिहीत आणि मध्ये नुसता स्वल्पविराम देऊन मोकळी होत. मास्तर पाटी वर धरून विचारत, "दोन भरलेले मचवे सुतळीनं बांधतं का कुणी? एक तर नांगर टाका, नाही तर 'अँड'चा दोर घ्या."

मालकी दाखवायला नावाच्या डोक्यावर इंग्रज जी शेपटी काढतो तिला ते खुंटी म्हणत. होडी एका मालकाची असली तर खुंटी 'एस'च्या अलीकडे, पुष्कळांची असली तर पलीकडे. आणि होड्या नुसत्या पुष्कळ असल्या, मालकाचा प्रश्नच नसला, तर खुंटी ठोकायची नाही. उरणच्या बाजारातला निम्मा माल ते या एका गोष्टीवर नापास करत.

कुणी 'आय डिड वेन्ट' म्हणालं की विचारत, "दोनदा गेलास? 'डिड' म्हटल्यावर भूतकाळ झाला ना सांगून? माणसाला एकदाच मारावं." एकदा मीच उभा राहून सांगितलं, 'माय फादर इज हॅविंग अ बोट.' अंगठा थांबला. "पांडू, तुझा बाप या घटकेला होडी बाळगतोय आणि संध्याकाळी टाकून देणार आहे, असं आहे का? असणं ही करायची गोष्ट नव्हे. जे मुळात आहेच, त्याला 'इंग' लावू नये. हॅज म्हण. हॅज अ बोट."

'अ' आणि 'द' हे आम्हाला काही केल्या कळेनात, कारण आपल्यात तसलं काही नाहीच. ते त्यांनी माझ्याकडे बोट करून सांगितलं. "व्यापाऱ्याला विचारा. बाजारात कुणी तरी गिऱ्हाईक आलं. कोण आहे, माहीत नाही. तो 'अ'. त्याच्याशी सौदा झाला, त्याचं तोंड ओळखीचं झालं, की तोच 'द'." पुढे मी दलालाशी भांडलो, वेगळा झालो, स्वतःचा मचवा घेतला, दुसरा घेतला. आजही कुणी नवा माणूस समोर येऊन बसला की मी मनात म्हणतो, हा 'अ' आहे, जपून.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. बाई हिवतापाने पिवळी पडलेली, पण जिभेची धार शाबूत. "यांच्यासमोर देवसुद्धा प्रसन्न व्हायचा नाही," ती म्हणायची. "वर मागायच्या आधी त्याच्या बोलण्यातल्या चुका काढून ठेवतील." मास्तर त्यावर शांतपणे म्हणत, "देव इंग्रजी बोलत असेल तर काढीन."

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी मिरवायला खाली इंग्रजीतल्या दोन ओळी छापून घेतल्या होत्या. मास्तर लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले, आणि आहेर म्हणून पाकिटात तीच पत्रिका ठेवून गेले, तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केलेली. माझा सासरा भडकला. मला राग यायला हवा होता, पण मी हसत सुटलो. तेव्हा ती मला गंमत वाटली होती.

नंतर ते साल आलं, जेव्हा मिठावरून साऱ्या मुलखात रान उठलं. आमच्याकडे तर मीठच मीठ. नाक्यावर पोलीस वाढले, आणि मीठखात्याच्या इन्स्पेक्टरने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून एक भली मोठी नोटीस लावली. परवान्याशिवाय कुणी मिठाला हात लावू नये, लावल्यास काय होईल, वगैरे. गावात ती वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतले एक रोज भाजी आणायला त्याच नाक्यावरून जात.

काकूने मला बोलावून घेतलं. "पांडू, हे जेवत नाहीत. त्या नोटिशीत काही तरी आहे म्हणतात. रात्री उठून बसतात."

मी मास्तरांना म्हटलं, "रस्ता बदला. मागच्या बांधावरून जा."

"बदलला," ते म्हणाले. "पण ती तिथे आहे, हे मला ठाऊक आहे ना."

मग एका दुपारी, भर बाजारात, पोलीस पान खायला बाजूला गेला असताना मास्तर नोटिशीसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती वरपासून खालपर्यंत तपासली. खुंट्या ठोकल्या, नांगर टाकले, नको ते 'द' उपटून काढले. खाली गुण दिले, दहापैकी तीन. त्याखाली आपली नेहमीची सही केली. सवयच ती, पेपर तपासला की सही.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं, की गद्रे मास्तरांनी सरकारच्या मिठाच्या नोटिशीवर तांबडं फासलं. तरण्या पोरांनी त्यांना हार घातला आणि खांद्यावर उचलून घेतलं. मास्तर वरून सांगत होते, "अरे, उतरवा मला. मजकुराशी माझं काही भांडण नाही. मजकूर सरकारचा आहे. मी फक्त विरामचिन्हं..." पोरं आणखी जोरात घोषणा देऊ लागली.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर शाळा कमिटीच्या चेअरमनकडे गेला. चेअरमन वकील होते, आम्ही त्यांना अप्पासाहेब म्हणत असू. इन्स्पेक्टरला खटला भरायचा होता. अप्पासाहेबांना खटला नको होता, शाळेची ग्रँट जाईल म्हणून. त्यापेक्षा मास्तरांनाच काढून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे नोकरी गेली, खोली गेली, आणि अंगात ताप असलेली बायको घेऊन हा माणूस जाणार कुठे? आणि त्यांच्या जागी येणार कोण? इंग्रजीचा वर्ग म्हणजे गद्रे मास्तरच होते. माझा धाकटा भाऊ महादू त्या वर्गात होता, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता. आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा कुणी तरी मॅट्रिकपर्यंत पोचणार होतं. मी शिकलो तो दलालापुरता. महादूला मी पुरता शिकवणार होतो.

महादू मला म्हणाला, "दादा, आम्ही समद्या पोरांनी चुका जमवून आणल्या, तर मास्तरांची एक माफ व्हईल काय?"

मी म्हटलं, "तू अभ्यास कर. बाकी माझ्यावर सोड."

मी आधी इन्स्पेक्टरकडे गेलो. त्याला म्हटलं, साहेब, खटला भरा, जरूर भरा. पण मग ती नोटीस पुरावा म्हणून कोर्टात जाईल. मॅजिस्ट्रेटसमोर ठेवतील. वरच्या साहेबांकडे जाईल, गुणांसकट. तो म्हणाला, लेखी माफी मिळाली तर पुरे.

अप्पासाहेब वकिलांकडे मात्र घाम फुटला. ते झोपाळ्यावर, मी ओटीवर खाली.

"हे बघ पांडू, तू यात पडू नकोस. तुला काय कळतं यातलं?"

"मला एवढंच कळतं, की मास्तर गेलं तर आमच्या वाड्यातलं एक पोर उद्यापास्नं शालंत येनार न्हाय. पोरंच न्हाय तर ग्रँट कसली? आनि शालंवर घालायला माझ्या मचव्यातनं कौलं यायची हायत, ती माझ्या गोठ्यावर चढतील."

"धमकी देतोस?"

"न्हाय, अप्पासाहेब. जातो मी." मी उठलो, वहाणा घातल्या, पायऱ्या उतरलो, अंगण ओलांडलं. फाटकाला हात लावला तेव्हा मागून आवाज आला, "पांडुशेठ, बसा हो. पाणी तरी घ्या." त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा शेठ झालो.

ठरलं ते असं. मास्तरांनी माफीवर सही करायची, कमिटी आणि इन्स्पेक्टर यांच्यासमोर. नोकरी राहील, खोली राहील, वर्ग राहील. माफीचा मसुदा अप्पासाहेब करतील. इंग्रजीत.

मसुदा मी पाहिला. माझं इंग्रजी ते केवढं, पण मलासुद्धा पहिल्या चार ओळींत सुतळीने बांधलेले मचवे दिसले. मी अप्पासाहेबांना काही बोललो नाही. बोललो असतो तर फाटकापासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. मी सरळ काकूकडे गेलो आणि सांगितलं, उद्या कोटाच्या खिशातली पेन्सिल काढून ठेवा. काकूने माझे हात धरले. "काहीही कर, पांडू. सही तेवढी होऊ दे. या अंगात आता बिऱ्हाड हलवायचं त्राण नाही."

मग मास्तरांना म्हटलं, "उद्या फक्त सही करायची. वाचायचं न्हाय."

"न वाचता सही करू?"

"आम्ही बापजाद्यांपासनं करत आलो. काय मेलो न्हाय."

"म्हणून तर तू माझ्याकडे आलास," मास्तर म्हणाले.

ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या खोलीत सगळे जमले. टेबलावर कागद, दौत, टाक. मास्तर आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि कागद पुढे ओढला. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी वाचू नये म्हणून मी टाक बुडवून हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि वाचायला लागले. डाव्या हाताने खिसा चाचपला, पेन्सिल नव्हती, तेव्हा एकदा माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताचा अंगठा टाकावर घासत होता. थांबे, पुन्हा घासे, पुन्हा थांबे. असा थांबलेला मी तो कधी पाहिला नव्हता.

"अप्पासाहेब," ते फार हळू म्हणाले, "माझं चुकलं, हे मला कबूल आहे. सरकारच्या कागदाला मी हात लावायला नको होता. हवं तर याच्याहून कडक शब्दांत लिहून देतो. फक्त मला हे स्वच्छ उतरवून काढू द्या. आत्ता, इथेच बसून."

"उतरवून?" अप्पासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे काय? यात काय घाण आहे?"

इन्स्पेक्टर हसला. आपल्या नोटिशीचं दुःख त्याला वाटून घेता आलं असावं. ते हसणं अप्पासाहेबांना झोंबलं. "गद्रे, आहे तसं सही करा. नाही तर उठा."

मी खाली वाकलो. "मास्तर, करा सही. काकू भिंतीपलीकडं बसल्यात. महादू बाहेर उभा हाय. मी तुमच्या पाया पडतो."

"करतो रे," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम कागदावर पडला, तो त्यांनी बाहीने टिपला. टाक पुन्हा बुडवला. सहीची जागा शोधली. नावाचं पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं. मला वाटलं, जमलं. मी श्वास सोडला.

तिसरं अक्षर आलं नाही. हात वर गेला, आपल्याआपण गेला, अंगात वारं आलेल्या माणसाचा जातो तसा, आणि दुसऱ्या ओळीत त्यांनी एक पूर्णविराम दिला. मग चौथ्या ओळीत एक शब्द खोडला. अप्पासाहेबांनी कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला तेव्हा टाकाचं टोक टेबलावर घासत गेलं. तो ओरखडा शाळेच्या टेबलावर पुष्कळ वर्षं होता.

भिंतीपलीकडे काकूच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

बाहेर येऊन, पोरांच्या देखत, मी त्यांना नको नको ते बोललो. म्हटलं, एक टिंब तुम्हाला सोसवत न्हाय, आणि आमची पोरं जन्मभर टोपल्या उचलतील ते सोसवतं. तुमच्या बायकोचं हाल सोसवतं. एका कागदावरल्या घाणीनं तुमचं काय जळत होतं? ते ऐकत उभे होते. डोळे मिटलेले, वर्गात मिटत तसेच. अंगठा हलत नव्हता. शेवटी म्हणाले, "पांडू, मी सही करतच होतो." आणि खरं सांगायचं तर, ते करतच होते. मला राग येतो तो त्याचाच. हट्टी माणसाशी मी सौदा करू शकतो. या माणसाच्या मनात हट्ट नव्हता.

आठवडाभरात ते गेले. पडावात त्यांची ट्रंक आणि वळकटी चढली, काकूला दोघांनी धरून बसवलं. मी गेलो नाही. बांधावरून पाहिलं.

इंग्रजीचा वर्ग त्यानंतर भरला नाही. दुसरा मास्तर आला, हिवतापाने पळाला. महादू दोन पावसाळे माझ्याबरोबर मिठागरावर राबला आणि मग मुंबईला गोदीत गेला, पोती उचलायला. त्याच्या इंग्रजीचा उपयोग खोक्यांवरचे शिक्के वाचण्यापुरता झाला. सणाला घरी आला की सांगायचा, दादा, परवा एका पेटीवर ही चूक सापडली, ती सापडली. मास्तर भेटले तर त्यांना दे, माझी एक माफ होईल. मी म्हणे, गप जेव.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी दिघीला मीठ घेऊन गेलो होतो. माझ्या मचव्यातल्या काही गोणी तिथून पुढच्या आगबोटीने जायच्या होत्या, त्यांना इंग्रजी नावाची फळी बांधायला हवी होती. वखारीच्या गुजराती शेठने सांगितलं, "धक्क्यावर आपला मास्तर बसतो ने, त्याच्या पासे लखावी घ्या."

छपराखाली पोत्यावर गद्रे मास्तर बसले होते. तोच कोट, बटणं गेलेली, दोऱ्याने आवळलेला. वरचा खिसा रिकामा. समोर काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला. त्यांनी मला ओळखलं.

"ये, पांडू."

"काकू?"

"गेली. श्रीवर्धनला पोचलो त्याच वर्षी."

मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "काय लिहायचंय?"

खरं म्हणजे मला नुसतं नाव घालायचं होतं. पण महादूने गेल्याच शिमग्याला गोदीतल्या एका पेटीवरची चूक सांगितली होती, ती माझ्या तोंडात आली. मी म्हटलं, "लिवा. धिस सॉल्ट इज बिलॉंगिंग टू पांडुरंग."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. जे मुळात आहेच, त्याला 'इंग' लावू नये, हे मला त्यांनी शिकवलं होतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं, की ते मला ठाऊक आहे. अंगठा कुंचल्याच्या दांडीवर थांबला, असं मला वाटलं. पण रंग निथळायलाही तो थांबला असेल. मग त्यांनी फळीवर सुरेख, सारख्या अक्षरांत सगळं लिहिलं. 'बिलॉंगिंग' पुरं लिहिलं. फुंकर मारून फळी माझ्या हातात दिली.

"बरोबर हाय ना?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तसंच आहे," ते म्हणाले. "इथे सांगतील तसंच लिहायचं असतं."

"काय चूक न्हाय ना?"

त्यांनी डब्यात कुंचला ढवळला. माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग ऱ्हाऊ द्या."

मी फळी काखेत धरली आणि पाठ फिरवून चालू लागलो. माझ्या मचव्याकडे नेणारी होडी धक्क्याच्या टोकाला लागलेली होती. सावकाश चाललो. इतका सावकाश मी अप्पासाहेबांच्या अंगणातही चाललो नव्हतो. वाटेत वहाणेचा अंगठा बसवायला थांबलो, तो निघालेला नव्हता. छपरातून कुंचला डब्यावर आपटल्याचा आवाज आला. कुणीसं दुसरं गिऱ्हाईक आपलं नाव सांगत होतं.

होडीत चढताना एक पाय मी धक्क्यावरच ठेवला. होडी हलत होती, फळीचा ओला रंग माझ्या सदऱ्याला लागला होता. तांडेल जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "शेट, पाय आत घ्या. भरती चाललीय."

मी मागे बघितलं. मास्तर दुसऱ्या कुणाच्या तरी गोणीवर वाकले होते.

मी पाय आत घेतला.